सासूबाईंचं घर

प्लास्टिकचं जोडपं विमानातून उतरलं तेव्हा पनिकपाक आपल्या सासूला पाठीवर घेऊन बर्फाळ उत्तरेतल्या आमच्या गावाच्या धावपट्टीच्या कडेला उभी होती. सासू चार वर्षांची. म्हणजे खरी सासू, नवऱ्याची आई उत्तुवाक, जाऊन पाच हिवाळे झाले होते. पण तिच्यामागून घरात जी पोर जन्मली तिला तिचं नाव दिलं, आणि आमच्याकडे नाव आलं की माणूसच परत येतं. म्हणून पनिकपाक स्वतःच्या नातीला 'सासूबाई' म्हणे, आणि ती शेंबडी पोर आजीच्या डगल्याच्या पाठीवरच्या, पोर बसवायच्या मोठ्या टोपीत बसून 'सूनबाई' म्हणत हुकूम सोडी.

"सूनबाई, ती माणसं हलत का नाहीत?"

"सरकारी पाहुणे आहेत, सासूबाई. त्यांना हलावं लागत नाही."

पाहुणे भूशिरावरच्या 'पूर्वजांच्या घरात' राहायला आले होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी दक्षिणेकडून एक डॉक्टर आला, औषधाचा नव्हे, जमीन उकरणारा. त्याने भूशिरावरची जुनी घरं खणून काढली आणि शाळेच्या हॉलमध्ये चित्रं दाखवून आम्हालाच आमची गोष्ट सांगितली. देवमाशांच्या मागे मागे, कुत्र्यांच्या गाड्या हाकत आमचे पूर्वज पश्चिमेकडून आले, आणि पहिली थंडी पडायच्या आत देवमाशाच्या फासळ्या, दगड आणि गवताची ढेकळं रचून त्यांनी घरं उभी केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पनिकपाकने हात वर केला.

"आणि घराचा नंबर लागायला त्यांना किती वर्षं लागली?"

डॉक्टर खूप हसला. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

त्यातलं एक घर मग सरकारने जुन्या पायावर पुन्हा उभं केलं, प्रवासी जहाजांना दाखवायला. वर कातडी, आत दगडी ओटा, ओट्यावर अस्वलाचं जाड कातडं, त्यावर बसवायला या प्लास्टिकच्या बाहुल्या. कातड्याला बुरशी धरू नये म्हणून विजेची शेगडी. पनिकपाकच्या तीन खोल्यांत अकरा माणसं पाळीपाळीने झोपत, आणि भिंतीवरची काळी बुरशी कुणाच्याही परवानगीशिवाय वाढत होती. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते आमच्याकडे म्हशी नसतानाही खरं आहे.

त्या अकरांत तिची लेक निविआक, जावई आणि त्यांची तीन पोरं होती. निविआकने लग्न झालं तेव्हाच सरकारी घरासाठी नाव नोंदवलं होतं.

"आई, जहाजांचा मोसम संपेपर्यंत घर नाही मिळालं तर आम्ही दक्षिणेला चाललो," तिने सांगून टाकलं होतं. "थोरल्याचा खोकला ऐकतेस ना?"

लेक जाणार म्हणजे सासूबाईही जाणार. खरी सासू जिवंत असताना ही म्हातारी कधी एकदा पाठ सोडते असं पनिकपाकला हजारदा वाटलं होतं. आता ती पाठीवरून उतरणार, तर पनिकपाकला ते चालणार नव्हतं.

पूर्वजांच्या घराला पैसा मिळतो, मग निविआकच्या घराला का नाही, हे विचारायला ती महापौर तुलुगाककडे गेली. घरवाटपही त्याच्याचकडे होतं.

"मावशी, तो निधी पूर्वजांचा," तुलुगाक म्हणाला. "जिवंतांचा निधी वेगळा."

"मग दे ना वेगळ्यातून."

"वेगळ्यात काही नाहीये."

"म्हणजे आधी मरावं लागेल म्हण की."

"नुसतं मरून भागत नाही, मावशी. आठशे वर्षं जुनंही व्हावं लागतं," असं म्हणून तो स्वतःच हसला, आणि मग त्याला आपलीच लाज वाटली. तोही माणूस वाईट नव्हता. त्याचा मेव्हणा त्याच्याच न्हाणीघरात झोपत होता.

उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव भूशिरावर जमलं. खाडीत जहाज दिसू लागलं होतं. तेवढ्यात सासूबाई पाठीवरून घसरल्या, पूर्वजांच्या घराच्या दारातल्या बुटक्या बोगद्यातून रांगत आत गेल्या आणि ओट्यावर चढून बसल्या.

"आजी, चला बाहेर," निविआकने आपल्या लेकीला विनवलं.

"नाही येत. हे माझं घर आहे."

आणि ते खरंच होतं. खऱ्या उत्तुवाकचं बालपण याच खड्ड्यात गेलं होतं. तिच्या बापाने पूर्वजांच्या दगडी भिंतींवर नवं छप्पर घातलं होतं. मग सरकारी माणसं आली, म्हणाली गावात चला, शेगडीवालं घर देतो. ती आली, आणि त्या घराची वाट बघत म्हातारी होऊन मेली.

तुलुगाक बोगद्यातून आत आला. त्याची पंचाईत आणखी मोठी होती. त्याच्या जन्माच्या वेळी दाई होती उत्तुवाक. जिने आपल्याला पहिल्यांदा हातात धरलं, तिचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. तो दर वसंतात पहिला रानहंस अजून या पोरीच्या पायाशी आणून ठेवतो.

"दाईआई," तो टोपी काढून म्हणाला, "जहाज आलंय हो."

"ही बाहुली माझ्या जागेवर बसलीय. तिला काढ."

तुलुगाकने मागोमाग रांगत आलेल्या त्या जमीन उकरणाऱ्या डॉक्टरकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं. शेवटी त्याने प्लास्टिकच्या बाईला काखेत धरून उचललं.

सासूबाई काही बाहेर येईनात, म्हणून त्या संध्याकाळी निविआकचं बिऱ्हाडच पूर्वजांच्या घरात आलं. बाहुल्या पनिकपाकच्या पडवीत गेल्या, आणि पोरं त्यांच्यावर ओले डगले वाळत घालू लागली. जहाजातले प्रवासी खूश झाले. चहा, सीलचं मटण आणि टीव्हीवरची हॉकी यांच्यामधून वाकत जाताना एका बाईने जावयाला हळूच विचारलं, "इथे राहणाऱ्या त्या लोकांचं पुढे काय झालं हो?"

"नंबर लागायची वाट बघतायत," जावई म्हणाला.

प्रवासी जहाजं थांबली आणि दोन बातम्या एकदम आल्या. घरवाटपवाल्यांनी कळवलं की निविआकला आता घर आहे, सबब तिचं नाव कमी केलं आहे. वारसा खात्याने कळवलं की पूर्वजांचं घर हिवाळ्यात बंद राहील, सबब ते रिकामं करावं. तेल गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. निविआकने बॅगा भरल्या.

तेवढ्यात वारसा खात्याला बाहुल्यांचं कळलं. सरकारी मालमत्ता ओल्या पडवीत! बोटांना तडे गेले तर जबाबदार कोण? सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण यावेळी थांबणारी माणसं नव्हती, बाहुल्या होत्या. मोसमाच्या शेवटच्या मालजहाजातून एक अख्खं घर सुट्या भागांत आलं. तीन खोल्या, दुहेरी काचा, बुरशी न धरणाऱ्या भिंती. बर्फ पडायच्या आत ते उभंही राहिलं, बाहुल्या ठेवायला.

दुसऱ्या दिवशी निविआकचं विमान होतं. पनिकपाक सासूबाईंना पाठीवर घेऊन त्या घरासमोर गेली. तुलुगाक कुलूप लावत होता. आयुष्यभर तिने सासूकडे काही मागितलं नव्हतं; मानी होत्या दोघी. आता तिला बोलताना रडू फुटलं.

"सासूबाई, एक मागू? मला सोडून जाऊ नका हो."

टोपीतून मग एक चिकट हात पुढे येऊन तिच्या गालावर टेकला.

"तुलुगाक," सासूबाई म्हणाल्या, "हे पण माझं घर आहे."

तुलुगाकची किल्ली कुलपातच राहिली. "दाईआई, असं कसं? हे बाहुल्यांचं आहे. कागदावर तसं आहे."

"मग त्यांना पण राहू दे. गर्दी नाही होणार."

तुलुगाकने कुलूप उघडलं. मग त्याने टोपी काढली आणि किल्ली त्या चिकट हातात ठेवली.

निविआकच्या घरात आता सात माणसं आहेत. त्यातली दोन कधी बोलत नाहीत, पण घर त्यांच्याच नावावर आहे.