अर्ध्या वेण्यांचं गाणं

मी कंगवा बोलतोय. साधासुधा नव्हे, शेपटीचा. एका बाजूला बारीक दात आणि दुसऱ्या बाजूला पोलादाची लांब टोकदार शेपटी. दात काय, सगळ्याच कंगव्यांना असतात हो. पण सुतासारखा सरळ भांग पाडायचं काम शेपटीचं, आणि तो मान फार थोड्यांना मिळतो. थोडा गर्व आहे मला. असू द्या.

जन्म कारखान्यातला, तो काही आठवत नाही. आठवतं ते जॉर्जियातलं मेकन गाव आणि व्हर्लीनमावशीचं स्वयंपाकघर. मावशी खुर्चीवर बसायची आणि जिच्या वेण्या घालायच्या ती पोर खाली जमिनीवर, मावशीच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. शेगडीवर पाल्याची भाजी रटरटत असायची. डोकं जरा हललं, की मावशी मला टाळूवर टक्कन आपटायची. "हलू नकोस गं! भांग वाकडा गेला तर लोक तुला नाही, मला नावं ठेवतील."

सगळ्यात जास्त रडायची ती मावशीची भाची, जोनेल. मी नुसता दिसलो तरी भोकाड. पुढे तीच जोनेल मोठी झाली आणि व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या कॉलेजात निघाली, तेव्हा मावशीनं मला तिच्या पिशवीत सरकवलं. म्हणाली, "तिकडे तुझं डोकं कुणाला कळायचं नाही. हा असू दे जवळ."

खरंच कुणाला कळेना. तिथं सगळ्या गोऱ्या पोरी, जोनेलसारखी काळी, दाट कुरळ्या केसांची एखाददुसरीच. वसतिगृहाच्या व्हरांड्यात परक्या पोरी "अय्या, किती मऊ!" म्हणत जोनेलच्या केसांना खुशाल हात लावायच्या, मेंढरू चाचपावं तशा. ती कसनुसं हसायची. खोलीत आल्यावर म्हणायची, "उद्यापासून मी पण एकेकीचं नाक ओढून बघणार आहे."

तिच्या खोलीत राहायची कर्स्टन, मिनेसोटाकडची. पोरगी मनानं चांगली. केस मात्र रेशमासारखे आणि तितकेच निकामी. क्लिप लावली तर घसरते, रबर लावलं तर घसरतं. एकदा तिनं मला फिरवून पाहिलं, तर मी वरून निघालो तो थेट खाली पोचलो. वाटेत अडावं असं काही लागलंच नाही. ती विचारल्याशिवाय जोनेलच्या केसांना हात लावायची नाही, पण प्रश्न! "तू हे धुतेस कसं? झोपतेस कशी? खाज सुटली तर काय करतेस?"

"चमच्यानं खाजवते," जोनेल सांगायची, आणि त्या बिचारीला ते खरं वाटायचं.

दोघी कॉलेजच्या गायनवृंदात होत्या. तिसऱ्या वर्षी वसंतातल्या मोठ्या कार्यक्रमात जोनेलला एकटीनं गायचं गाणं मिळालं. चर्चमधलं जुनं गाणं, मावशी भाजी ढवळताना गुणगुणायची तेच. मावशी ते ऐकायला दहा तास बसनं येणार होती. सुट्टीत जोनेल घरी गेली, तेव्हा मावशीनं सहा तास बसून तिच्या डोक्यावर बत्तीस वेण्या घातल्या. बारीक, डोक्याला चिकटलेल्या, कानामागून वळत वळत मानेपर्यंत गेलेल्या. मावशीच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात. मी तिच्या हातात होतो, मला ती कळ समजत होती. तिनं हूं की चूं केलं नाही. "गायला उभी राहिलीस की कळलं पाहिजे, कुणाच्या घरची आहेस," एवढंच म्हणाली.

आणि कार्यक्रमाला दहा दिवस असताना गायनवृंदाच्या हॉलिस सरांनी जोनेलला बाजूला घेतलं. सर सडपातळ, गोड बोलणारे. मी तिच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होतो, शब्द न शब्द ऐकला.

"जोनेल, गळा तुझा सोन्याचा आहे. पण ते केसांचं काहीतरी कर. मंचावर जरा टापटीप दिसायला हवं. वेण्या सोडून टाक. नाहीच जमलं तर कर्स्टन गाईल, तिचीही तयारी आहे."

टापटीप! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकेक भांग ओळंब्यानं आखावा तसा, आणि म्हणे टापटीप नाही! जोनेलनं कुणाला काही सांगितलं नाही. नळावर जाऊन तोंड धुतलं आणि तासाला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी नेमकं कर्स्टनला सुचलं. "माझ्याही घालशील का गं? अगदी तुझ्यासारख्या? कार्यक्रमाला मस्त दिसतील."

हे मागणं तिनं पहिल्या वर्षीही केलं होतं, आणि जोनेलनं हसून उडवून लावलं होतं. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "बस खाली."

चार तास लागले. एरवी जोनेलचा हात हलका. त्या दिवशी माझी शेपटी त्या गुलाबी टाळूवर अशी दाबून चालली की कर्स्टनच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी पोरगी म्हणते, "किती मजा येतेय!" जोनेलच्या मनात काय शिजतंय ते मला कळत होतं. पण कंगव्याचं ऐकतो कोण?

संध्याकाळी तालमीला कर्स्टन शिरली आणि हॉलिस सरांनी टाळ्या पिटल्या. "वा, कर्स्टन! काय नवीन, काय ताजंतवानं! मंचावर कशी उठून दिसशील!"

तिच्या मागेच जोनेल उभी. तेच भांग, त्याच वेण्या. ती शांतपणे म्हणाली, "सर, माझ्याही अशाच आहेत. काल तुम्ही सोडायला सांगितल्यात त्या."

चाळीस मुंडकी सरांकडे वळली. सरांच्या हातून कागद पडले. ते वेचायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पुस्तक वाचून झालं असतं.

मग कॉलेजभर धुरळा उडाला. पलीकडच्या खोलीतली रोशेल, काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेची पुढारी, तणतणत आली ती जोनेलवरच घसरली. "तुझ्या मावशीची विद्या आणि त्या गोऱ्या पोरीच्या डोक्यावर? उद्या सांगत फिरेल, मीच शोधून काढल्या म्हणून!"

"सरांचं तोंड बघितलं असतंस तर असं बोलली नसतीस," जोनेल म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

रोशेल गेली न गेली तोच कर्स्टन रडत आली. त्या वेण्या मुद्दाम का घातल्या, ते तिला कुणीतरी सांगितलं होतं. "सरांना पकडायला तू माझ्या डोक्याचा सापळा केलास? मैत्रीण समजत होते मी तुला. केसानं गळा कापलास गं माझा!"

"आणि मला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते तुला तीन वर्षांत एकदा तरी दिसलं?"

"तू कधी सांगितलंस?"

"खाज सुटली तर काय करतेस ते बरं विचारता येतं तुला!"

दोन दिवस दोघी भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी मधल्या टेबलावर पडून होतो. फार वाईट वाटत होतं हो मला. वेण्या माझ्याच शेपटीनं घातल्या होत्या ना!

कॉलेजनं सभा बोलावली. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे, भांडण जेवढं मोठं तेवढी बिस्किटं जास्त. संस्कृती, सन्मान, संवाद, असे भलेमोठे शब्द झाले. एक गोरा मुलगा म्हणाला, आमच्या पूर्वजांच्या दाढ्यांनाही वेण्या होत्या. रोशेलनं त्याला उभा सोलला. दोन तास सगळे जोनेलबद्दल बोलले. जोनेलला मात्र एवढंच विचारलं गेलं, की ताई, ती खुर्ची रिकामी आहे का? शेवटी हॉलिस सर उठले आणि म्हणाले, "मंचावर आता कुणीच वेण्या घालायच्या नाहीत. सगळ्यांना एकच नियम. झालं समाधान?"

सभेनं टाळ्या वाजवल्या.

खोलीत येऊन कर्स्टननं आपल्या वेण्या सोडल्या. सोडल्या कसल्या, निम्म्या आपसूकच सुटल्या होत्या. दहा मिनिटांत डोकं मोकळं! उघड्या भांगांवर हिरवळीवरचं ऊन लागून टाळूवर तेवढे लाल पट्टे उठले होते. आरशात बघता बघता तिनं जोनेलला विचारलं, "तुझ्या सोडायला किती वेळ लागेल?"

"पाच तास. घालायला सहा लागले. नंतर दोन दिवस मावशीला मूठ मिटता येत नव्हती."

कर्स्टन पलंगावर बसली. मग म्हणाली, "मला हे माहीत असायला हवं होतं."

"मी पण तुला आधी सांगायला हवं होतं," जोनेल म्हणाली. "दुखलं का गं फार?"

"फार," कर्स्टन म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं.

कार्यक्रम शनिवारी पाचला. जोनेलनं चालढकल करत करत दुपारचा एक वाजवला. मग मला हातात घेतलं. "गायचं आहे मला, कर्स्टन. मावशी दहा तास हाडं खिळखिळी करून घेत येतेय. तिला काय, शेजारच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारी मी दाखवू?" माझ्या शेपटीनं ती गाठी सैल करू लागली. कर्स्टन एकेक पेड उलगडू लागली. आपण घातलेलं आपणच उसवायचं, हे काम मला मुळीच आवडलं नाही.

डावी बाजू सुटली होती आणि दारात मावशी! डोक्यावर चर्चला घालायची रविवारची टोपी, हातात पिशवी.

"हे काय चाललंय?"

जोनेलनं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी हुंदका दिला. आता मावशीच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी जीव मुठीत धरला. पण मावशी खुर्चीत बसली. "ये, बस इथं."

"परत घालणार? वेळ नाही गं, मावशी."

"मी कशाला घालतेय? डोकं तुझं, गाणं तुझं. दमलीस, जरा टेक."

जोनेलनं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मावशी तेच गाणं गुणगुणत राहिली. पाच मिनिटांनी पोर उठली, आरशासमोर गेली. उजवीकडे सोळा वेण्या, डावीकडे हा एवढा काळाभोर फुगारा. बघता बघता ती खुदकन हसली.

"मी अशीच जाते."

"अशी?" कर्स्टन ओरडली.

"त्यांनी सोडायला सांगितलं ना? सोडतेय की मी. काम चालू आहे."

"मग फुगारा तरी गोल करू दे," म्हणत मावशीनं मला चालवलं. मध्येच टोपी घसरली, ती सावरायला तिनं मला जोनेलच्या कानामागे त्या केसांत खोचलं, आणि टोपीच्या नादात विसरली. वेण्या घालणाऱ्या बायकांची ही खोड जगजाहीर आहे. कंगवा डोक्यात आणि शोध घरभर. तिघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

पडद्याआड हॉलिस सर उभेच होते. "हे काय आहे?"

"सर, निम्म्या सोडून झाल्या," जोनेल म्हणाली. "आता कुठल्या निम्म्यानं गाऊ, ते तुम्ही सांगा."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते वळले. "कर्स्टन, तू गा."

कर्स्टनची मान ताठ झाली. "मला ते गाणं पाठ नाही, सर."

धादांत खोटं! रोज सकाळी न्हाणीघरात हीच बया ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. सरांनाही ते पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच बसवून घेतलं होतं. पण तिची नजर हलेना. सभागृह खचाखच भरलेलं, पियानोवाला घड्याळ बघतोय. सर बाजूला झाले.

आणि मी मंचावर गेलो. आमच्या कुळात हे भाग्य कुणाला लाभलं असेल असं वाटत नाही. पहिला सूर मला आधी कळला, सभागृहाला नंतर, कारण तो तिच्या कवटीतून थेट माझ्या दातांत उतरला. तिसऱ्या रांगेत मावशी डोळे मिटून डोलत होती. मध्येच तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, कंगवा!" सगळ्या रांगेला ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. जोनेलनं वरचा सूर धरला, तेव्हा मावशी चक्क उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी होती. टाळ्या पडल्या तेव्हा ती रडत होती, मंचावर वृंदाच्या मागच्या रांगेत कर्स्टनही रडत होती. कंगव्याला आसवं येत नाहीत, नाहीतर मीही मागे राहिलो नसतो.

पुढच्या आठवड्यात कॉलेजात तीन पोरी दिसल्या. निम्म्या वेण्या, निम्मे केस मोकळे आणि डोक्यात खोचलेला कंगवा! एकीचा तर कुत्र्याचे केस विंचरायचा होता. रोशेलनं डोकं धरलं. परत सभा, परत बिस्किटं.

हॉलिस सरांनी माफी वगैरे मागितली नाही. फक्त सूचनाफलकावरचा वेण्यांचा नियम एका सकाळी नाहीसा झाला आणि त्या जागी नवा आला. 'मंचावर येताना डोक्यात कंगवा राहिलेला नाही ना, हे पाहावे.' माझ्या नावानं नियम! छाती असती तर फुगली असती.

आता माझे दोन दात पडलेत, शेपटीला किंचित बाक आलाय. अजून काही वर्षं निघतील. कुणाच्याही केसांतून फिरायला माझी कधीच ना नव्हती, पुढेही नसेल. मागणं एवढंच आहे, की वेणी आवडली तर ती जिच्या डोक्यावर आहे तिलाही एकदा विचारा, बाई, तुझं कसं चाललंय? आणि उत्तर लांबलं तर ऐकून घ्या.

काल वर्षाचा शेवटचा कार्यक्रम झाला. मावशीनं बत्तीसच्या बत्तीस वेण्या नव्यानं घातल्या होत्या. निघताना जोनेल आरशासमोर थांबली, मला उचललं आणि नीट बघून, मुद्दाम, कानामागे खोचलं. पडद्याआड सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चला," ते म्हणाले, "लोक खोळंबलेत."