श्राद्धाच्या दिवशी पीच

"हे कुणी आणलं?"

आजीच्या हातात उलथणं होतं आणि त्याचं टोक चौरंगाकडे. चौरंगावर सफरचंदं, नाशपाती, वाळलेली बोरं, भाजलेला मासा. आणि मधोमध, बाबांच्या फोटोच्या अगदी नाकासमोर, सात पीच. गुलाबी, मुठीएवढे, ओल्या फडक्याने पुसून रचलेले.

"मी आणले आहेत, आजी," सेवारा म्हणाली. हसत. दोन्ही हात पोटाशी जुळवून, भाषेच्या पुस्तकातल्या चित्रात उभे असतात तशी. "आपल्या पुत्रासाठी."

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि चौरंग बघून दारातच थांबली. आत तव्यावरचं भोपळ्याचं धिरडं करपायला लागलं. वास आला, पण कुणी हललं नाही. घड्याळात संध्याकाळचे साडेसात. आठला बाबांचं श्राद्ध.

पीच घरात असला की मेलेलं माणूस आत येत नाही. दारापर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. कोरियातल्या आमच्या योंगचॉनमध्ये उन्हाळाभर जिकडेतिकडे पीचच असतात, बागांत, रस्त्यावर, बसथांब्यावर, पण श्राद्धाच्या घरात एक फोडसुद्धा नेत नाहीत. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. सेवाराला नव्हतं. ती उझबेकिस्तानातून आलेली.

मला होतं.

"काढ," आजी म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सगळे काढ. घराबाहेर ने. आणि उद्या सकाळी आपलं सामान बांध."

सेवाराचं हसू लगेच गेलं नाही. तिला शब्द कळले होते, अर्थ पोचायला वेळ लागला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादं गणित अडलं की शेजारणीकडे बघतात तसं.

मी बोरांची वाटी उगाचच दोन बोटं डावीकडे सरकवली.

*

मे महिन्यात ती आली तेव्हापासून मी तिच्यावर खार खाऊन होते. तिला बाबांची खोली दिली म्हणून. बाबा लोकांच्या घरातले बॉयलर दुरुस्त करायचे, त्या खोलीत त्यांचे पाने, नळ्या, ग्रीसचे डबे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टातच एका गच्चीवर काम करताना उन्हाने पडले ते उठलेच नाहीत. त्यानंतर आई रोज एकदा त्या खोलीचं दार उघडायची, आत बघायची आणि बंद करायची. कॉलेजवाल्यांनी परदेशी मुलींसाठी घरं हवीत म्हणून विचारलं, तेव्हा आईने कुणाशी न बोलता नाव देऊन टाकलं.

"घर माझं आहे," आजी तेव्हा म्हणाली होती. "तीन महिने बघते. नीट राहिली तर सही करीन."

ती सही उद्या व्हायची होती. सही झाली तर सेवाराला पुढचं वर्ष. नाही झाली तर कॉलेजचा नियम सरळ होता, सत्र संपताच विमानात बसायचं.

आणि ती धडपडत होती, हे मलाही दिसत होतं. जमिनीवर झोपणं तिला शिकवावं लागलं नाही, त्यांच्याकडेही गाद्याच घालतात. पण न्हाणीघरातल्या चपला घालून दिवाणखान्यात यायची. भाताचा वाडगा हातात उचलून खायची. "भिकारी धरतात गं तसा!" आजी म्हणायची, की लगेच खाली. डुकराचं मटण खात नाही म्हणून आई तिच्यासाठी वेगळी पातेली चढवायची, तर ही चार वेळा माफी मागायची, खाण्याआधी दोनदा आणि नंतर दोनदा. पहिल्याच आठवड्यात आजीने चमचा उचलायच्या आत हिने उचलला. ती पहिली ताकीद. दुसरी जूनमध्ये, आजीच्या वाढदिवसाला. हिने स्वतः कार्ड बनवलं, फुलंबिलं काढली, आणि वर आजीचं नाव लाल शाईने.

"मला आत्ताच पोचवतेस होय गं?" आजी म्हणाली. लाल शाईने नाव मेलेल्याचं लिहितात. आई हसू दाबत होती, मी तर खोकल्याचं नाटक करून बाहेर पळाले.

"हसू नकोस गं कार्टे," आजी मागून ओरडली. मग सेवाराकडे वळून बोट वर केलं. "दोन झाल्या. तिसऱ्यांदा नाही."

आजी बोलते ते करते.

*

आज सकाळी जेवताना आई सुरू झाली. तीच टेप. बघ, ही पोर कुठून कुठे येऊन शिकतेय. आणि तू घरच्या घरी शाळा सोडून लोकांच्या गाड्या धुतेस.

"धुते तर धुते. चोरी करत नाही ना?"

"ईसल, आवाज!"

"सरांनी वर्गात म्हणायचं, बाप नसला की पोरं अशीच होतात. आणि मी बाक उलटा केला तर मी वाईट."

"एक बाक उलटा केलास, ठीक. परत जायला कुणी अडवलं होतं?"

इथे सेवाराने चमचा खाली ठेवला आणि आपल्या त्या पुस्तकी भाषेत म्हणाली, "ईसल, विद्यालय सोडणे योग्य नाही. तुझी इच्छा असेल तर मी तुला गणित शिकवीन."

माझ्या डोक्यात सणक गेली. गणित! बाबांच्या खोलीत झोपते, आईच्या हातचं वेगळं सूप पिते, आणि मला गणित शिकवणार. मी ताट तसंच टाकून उठले.

फाटकाशी ती धावत मागून आली. बूट अर्धे पायात.

"ईसल, एक क्षण. आज तुझ्या वडिलांच्या मेजावर फळे ठेवतात ना? मला आणायची आहेत. एखादे फळ चालत नाही, असे आहे का?"

विचारलं होतं तिने. तिला शंका होती. दोन चुकांनंतर शहाणी झाली होती पोरगी.

"सगळं चालतं," मी म्हटलं. "चांगलं महागातलं आण."

"पीच? आमच्या अंगणात पीचचे झाड आहे. घरी पाहुणा आला की माझे वडील पहिला पीच त्यालाच देतात."

मी सायकलचं कुलूप काढत होते. वर बघितलंच नाही.

"आण की."

दिवसभर गाड्यांवर पाणी मारताना मनात येत होतं, फोन करावा. एकदा मोबाइल हातातही घेतला. तेवढ्यात मालक ओरडला, "ए, ती पांढरी गाडी वाळली की, पुसणार कोण, तुझा आजोबा?" आणि मी मोबाइल खिशात टाकला. खरं सांगायचं तर मालकाचं निमित्त झालं.

*

सेवाराने पीच एकेक करून पेटीत ठेवले. कागदी जाळीत, जसे आणले होते तसे. पेटी उचलून ती अंगणात गेली. आजीने चौरंग पुसला, फोटो पुसला, फोटोवरचे बाबा पुसले. मग घराची सगळी दारं उघडली आणि केरसुणी घेऊन उंबऱ्यापासून बाहेर झाडायला लागली, जसा काही पीचचा वास झाडून जातो.

"आई, तिला माहीत नव्हतं," माझी आई म्हणाली.

"तिला माहीत नव्हतं, मला आहे. वर्षातून एकदा पोरगं घरी यायचं, आणि दारातच असं. आता तो गल्लीच्या टोकाला उभा असेल. नाहीतर गेलाही असेल."

"भूतबित काही नसतं," मी म्हटलं.

"तू गप्प बस. हात धुतलेस का? आठ वाजत आलेत."

आज तांदळाची दारू मीच ओतणार होते. ओतायची खरं तर काकाने, पण तो बुसानच्या गोदीत, सुट्टी नाही. तरी महिनाभर आजी ऐकत नव्हती. मुलगी, तीही शाळा सोडलेली, तीही तोंडाळ. मी मागेच लागले. मला दुसरं काही नको होतं. गेल्या रविवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बरं, ओत तूच. शेवटी शेवटी तुझ्याच हातचं प्यायचा." एवढंच. मी मोरीत जाऊन रडले होते.

आता बोलले तर ते गेलं. हे मला आजीच्या पाठीकडे बघूनच कळत होतं.

बोलायचं उद्याही चालेल, मी मनाशी म्हटलं. सकाळी, सेवाराने बॅग भरायच्या आत. आज ओतते, उद्या सांगते.

आजी चौरंगाच्या बाजूला भिंतीला टेकून बसली. आईने मुलापुढे वाकायचं नसतं, म्हणून ती नुसती बघणार. आईने उदबत्ती लावली. मी चटईवर गुडघे टेकले. आईने दोन्ही हातांनी पेला दिला, मी दोन्ही हातांनी घेतला. पेला रिकामाच होता पण जड लागत होता.

बाहेर अंगणात चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. चर्र. सेवारा पेटी बंद करत होती. मग परत, चर्र. पेटीला इतकी चिकटपट्टी कशाला लागते? मग कळलं, दुसरी पेटी आहे. पुस्तकांची. तिने उद्याची वाट बघितलीच नव्हती.

"पुढे कर पेला," आई हळूच म्हणाली.

मी केला नाही.

"ईसल?"

"तिने मला विचारलं होतं."

"काय?" आजी.

"सकाळी. फाटकाशी. कुठलं फळ चालत नाही म्हणून विचारलं होतं. पीच चालेल का, असं नाव घेऊन विचारलं. मी म्हटलं आण."

उदबत्तीची राख पडली. आईने बाटली परत उभी धरली.

"चुकून म्हणालीस?" आजीने विचारलं. आवाजात कसली तरी आशा होती. ती मला सगळ्यात जास्त लागली.

"नाही. मुद्दाम. गणिताचं बोलली म्हणून."

"गणिताचं?" आईला काहीच कळेना. "कुठलं गणित गं?"

आजीने फोटोकडे पाहिलं. मला वाटलं, उलथणं घेऊन येईल. लहानपणी एकदा आली होती. पण ती भिंतीला हात लावून नुसती उठली.

"तो पेला खाली ठेव."

मी ठेवला.

"तुझी आई ओतेल."

"आजी, एकदाच..."

"उठ म्हटलं ना."

मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या. आजी दारात गेली आणि अंगणात बघून म्हणाली, "ए पोरी. ती चिकटपट्टी ठेव खाली. हात धू, कोपरापर्यंत. आत ये."

"आजी, मी येऊ शकते काय?"

"आठ वाजून गेलेत. विचारत बसू नकोस."

सेवारा आत आली. माझ्या बाजूने जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अंगण ते खोली चार पावलं. दारं सताड उघडी. तिने सगळं ऐकलं होतं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू फाटकाशी जा," आजी म्हणाली. "तू फिरवलंस त्याला, तूच बोलाव. पेटी घेऊन जा आधी, गल्लीच्या पलीकडे ठेव, लांब. मग फाटकाशी उभी राहा आणि बापाला सांग, ये म्हणून. का थांबायला लागलं, तेही सांग."

*

पेटी मी गल्लीच्या पलीकडे, इस्त्रीवाल्याच्या बंद दुकानासमोर ठेवून आले. ऑगस्टातली संध्याकाळ, सगळं घामट. शेजारच्या घरी टीव्हीवर बेसबॉलचा सामना चालू होता. मी फाटकाशी उभी राहिले.

काय बोलायचं? भुताखेतांवर माझा विश्वास नाही. गाड्या धुणारी मुलगी गल्लीत एकटीच बडबडतेय, कुणी पाहिलं तर वेडी म्हणतील. आणि पाहिलंच. पलीकडची बाई कचऱ्याची पिशवी घेऊन आली.

"काय गं ईसल, आज बाबांचं ना? मग बाहेर कशी तू?"

"अशीच, मावशी."

"आजीने हाकलली वाटतं," असं म्हणून ती हसत गेली.

आतून आईचे कपडे सळसळले. वाकली असेल. बायकोने चार वेळा वाकायचं असतं, मी मोजत होते. एक. दोन. तिसऱ्यानंतर मध्येच खूप वेळ गेला. मग चार.

मग आजीचा आवाज. "आता ते सूप उचल. तसं नव्हे. दोन्ही हातांनी. हां. आता पाण्याचा वाडगा तिथेच ठेव. त्यात भाताचे तीन घास टाक. हळू. घाई कसली आहे तुला?"

"क्षमा करा, आजी."

"क्षमा काय मागतेस सारखी. पुढच्या वर्षी लक्षात ठेव, आधी सूप, मग पाणी."

मी फाटकाची कडी घट्ट धरली. पुढच्या वर्षी, असं म्हणाली आजी. आत वाडगा अगदी सावकाश चौरंगावर टेकल्याचा आवाज आला.

गल्ली रिकामी होती. दिव्याखाली मच्छर.

"बाबा," मी म्हटलं. मग जरा मोठ्याने. "बाबा, काढलेत ते. मी आणायला लावले होते. तिची काही चूक नाही."

टीव्हीवर कुणीतरी धाव काढली, शेजारी ओरडले.

"आई ओततेय. जेवण गरम आहे अजून."

आमचं फाटक अरुंद आहे. बाबा हत्यारांची पेटी खांद्याला लावून यायचे तेव्हा तिरके व्हायचे. मी मधोमध उभी होते. मग एका बाजूला सरले, पाठ खांबाला लावली, पाय जवळ घेतले, आणि मान खाली घालून उभी राहिले, वाट मोकळी सोडून.