मास्तरांनी पुढे पाठवलेला आवाज

कपड्यांच्या त्या कारखान्यात कटिंग मास्तरांच्या शब्दाला वजन होतं. आरोग्य विम्याचे फॉर्म वाटले गेले, तेव्हा शिलाईच्या सगळ्याजणी त्यांच्या तोंडाकडे बघू लागल्या. मास्तरांनी जुन्या आजारांचा रकाना पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. या विमावाल्यांना आपली दुखणी कशाला हवीत?

त्याच दुपारी मेव्हण्याने त्यांना फोनवर एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज पाठवला. आजाऱ्यांची यादी थेट मालकाकडे जाते आणि महिन्याभरात त्यांना घरी बसवतात, असं ती छातीठोकपणे सांगत होती. मास्तरांचा संशय पक्का झाला. त्यांनी तो आवाज कारखान्याच्या ग्रुपवर टाकला.

अकरा जणींनी फॉर्म भरून दिलेच नाहीत. मुदत टळून गेली, पण भीती टळली नाही. मालक जवळून गेला तरी बायका खोकला दाबून धरत.

काजबटणवाल्या मावशींनी तर भरलेला फॉर्म फाडला होता. पोटातलं दुखणं त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही. दोन महिन्यांनी त्या मशीनवरच कोसळल्या. मास्तरांनीच त्यांना दवाखान्यात नेलं. पोटात गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करायचं होतं. खिडकीवर विम्याचं कार्ड मागितलं, तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली. लेकीने घरचं शिलाई मशीन विकून, वर उसनवारी करून आईचं ऑपरेशन करवलं.

मास्तर तडक विमा कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी फॉर्म उलटून दाखवला. आजाराची माहिती मालकाला दिली जात नाही, असं मागे स्पष्ट छापलेलं होतं! मग त्यांनी मेव्हण्याला गाठलं. त्याला तो आवाज एका मित्राने पाठवला होता आणि मित्राला कुणी, ते त्याला आठवत नव्हतं.

मास्तरांनी मावशींच्या खाटेशी बसून सगळं कबूल केलं.

मावशी हळूच म्हणाल्या, "फॉर्मवर संशय घेतलात, त्यात वावगं काही नाही. पण त्या आवाजावर का नाही घेतलात? माझ्या मनात आलं होतं विचारावं. पण सांगणारे तुम्ही होतात ना, मास्तर."

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते सर्वांपुढे उभे राहिले. "मी न तपासता पाठवलं. चूक माझी आहे," एवढं बोलून त्यांनी फॉर्मची मागची बाजू मोठ्याने वाचली. तरी दोघी-तिघींचं मन मानेना. मास्तर रागावले नाहीत. त्यांना घेऊन ते स्वतः कार्यालयात गेले. पुढच्या नोंदणीत त्यांनी पहिला फॉर्म आपला भरला, बायकोच्या दम्यासकट.

वाचकहो, संशय जरूर घ्या. पण तो कागदावर घ्याल, तसाच फोनमधल्या निनावी आवाजावरही घ्या. आणि आपल्या शब्दावर चार माणसं विसंबून असतील, तर काहीही पुढे पाठवण्याआधी ते खरं आहे का, एवढं नक्की विचारा.