तुस्कानोसाहेबांची बाजू

शशिकलाबाई एके काळी आमदार होत्या, हे दोह्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. फरीज बिन ओमरानमधल्या त्या इमारतीत त्या संजीवच्या आई होत्या, गार्गीच्या आजी होत्या. खालच्या किराणावाल्या अश्फाकच्या लेखी तर त्या फक्त रोज ताजा कढीपत्ता मागणाऱ्या अम्मा होत्या. संजीव सकाळीच मेसईदच्या कारखान्यात जायचा, सून नमिता नोकरीला, नात शाळेत. उरलेला दिवस बाईंचा एकटीचा.

रक्तदाब तपासायला त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा नर्स मराठी निघाली. वसईची एस्थर. दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता तिने सहज विचारलं, "आंटी, तुम्ही तिकडे काय करत होता?"

"राजकारण," बाई म्हणाल्या. "फार नाही गं. एकदाच निवडून आले. बहात्तर साली, विधानसभेवर."

एस्थरचा हात थांबला. "माझे पप्पा पण बहात्तर सालचे आमदार! विन्सेंट तुस्कानो."

त्या दिवशी बाईंचा रक्तदाब जरा जास्तच भरला.

तुस्कानो! विरोधी बाकावरून उठले की मंत्र्यांच्या कपाळाला आठ्या पडत. एकाहत्तरच्या डिसेंबरात बाईंचे यजमान आघाडीवर पडले. संजीव तेव्हा तान्हा होता. पुढच्याच निवडणुकीत पक्षाने बाईंना साताऱ्यातून उभं केलं आणि लोकांनी भरभरून मतं दिली. सभागृहात रोज युद्धातल्या विजयाची भाषणं व्हायची, बाकं वाजायची, आणि पांढऱ्या साडीतल्या बाई खाली मान घालून बसायच्या. एकदा धीर करून त्या चर्चेत बोलायला उठल्या, तर समोरून तुस्कानो म्हणाले, "बाईंना लोकांनी सहानुभूती दिली आहे. आम्हाला मात्र उत्तर पाहिजे." सगळे हसले. बाईंनी त्या माणसाशी बोलणं टाकलं.

मग नागपूरचं अधिवेशन आलं. शहीद जवानांच्या बायकांना पेन्शनसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत होत्या आणि त्यावर बाई बोलणार होत्या. नेमका संजीव तापाने फणफणलेला, सांभाळायला ठेवलेली बाई आलेली नाही. पोराला खांद्यावर घेऊन त्या लॉबीत उभ्या होत्या. आत त्यांचं नाव पुकारलं जाण्याची वेळ झाली. तुस्कानो बाहेर आले आणि त्यांनी हात पुढे केले.

"द्या इकडे. मला घरी दोन आहेत, सवय आहे."

बाई आत जाऊन बोलल्या. आयुष्यात तशा पुन्हा कधी बोलल्या नाहीत. भाषण संपता संपता तुस्कानो आत आले, कोटावर पोराने काढलेल्या दुधाचा डाग तसाच, आणि विरोधी बाकावरून म्हणाले, "बाईंच्या प्रत्येक शब्दाला माझा पाठिंबा आहे." पोर तेवढ्यात एका शिपायाच्या मांडीवर झोपलं होतं. पुढे दोघं कँटीनमध्ये चहा घेत आणि सभागृहात भांडत. नंतरच्या निवडणुकीत बाईंना तिकीट मिळालं नाही, आणि ओळख तिथेच राहिली.

"पप्पा आता बोलतच नाहीत, आंटी," एस्थर सांगत होती. "मम्मी गेली, म्हणून मी त्यांना इकडे आणलं. दिवसभर खिडकीशी बसतात. ताट तसंच परत येतं. तुम्ही याल?"

शुक्रवारी बाई शेंगदाण्याची चटणी घेऊन गेल्या. खुर्चीतला म्हातारा त्यांना ओळखूच येईना. गाल बसलेले, शर्ट अंगावर लोंबणारा. "या," एवढंच म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. एस्थरने ताट आणून ठेवलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं.

बाईंनी दोनतीनदा इकडचं तिकडचं विचारून पाहिलं. शेवटी त्या उठून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, माझा हरकतीचा मुद्दा आहे. सन्माननीय सदस्य जेवत नाहीत."

म्हाताऱ्याने मान वळवली.

"हा हरकतीचा मुद्दा होत नाही, शशिकलाबाई," ते सावकाश म्हणाले. "नियम वाचून येत जा. खाली बसा."

स्वयंपाकघराच्या दारात एस्थर तोंडावर हात धरून उभी होती. तुस्कानोंनी चटणी चाखली, तिखट कमी आहे म्हणून तक्रार केली आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

त्यानंतर बाई दर शुक्रवारी जाऊ लागल्या. भांडायला विषय पुष्कळ होते. पण एक दिवस एस्थर कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तशी तुस्कानोंनी आवाज खाली आणला.

"मला घरी जायचंय. माझ्या जेनच्या कबरीवर दगड बसवायचा राहिलाय. एस्थर म्हणते, फोनवरून सांगू. फोनवरून दगड बसतो का?"

"मग लेकीला सांगा की तसं."

"ती रडते. ती रडली की माझी जीभ चालत नाही. तुम्ही मांडा माझी बाजू."

"मी? सत्ताधारी पक्षाची?"

"म्हणून तर."

बाईंनी घरी जाऊन मुद्दे जुळवले. दुसऱ्या दिवशी एस्थरपुढे बसून पहिलाच मुद्दा काढला, तर ती भडकली. "तिकडे पडले तर कोण उचलणार, आंटी? दिवसभर मी लोकांचे आईबाप सांभाळते. माझ्या बापाला एकटं टाकू?" डोळे भरून आले तिचे. बाईंनी बाकीचे मुद्दे बाजूला ठेवले. पोरीचं काही चुकत नव्हतं.

"तुझं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण इकडे आणताना तू त्यांना विचारलं होतंस?"

"पप्पा काही बोललेच नाहीत."

"मग आज बोलू दे. मी नाही बोलत आता."

त्या आत गेल्या आणि तुस्कानोंना हाताला धरून घेऊन आल्या. लेकीचे डोळे बघून म्हातारा गडबडला, परत वळू लागला. बाईंनी हात सोडला नाही.

"बोला, साहेब. ऐकणारं माणूस समोर आहे."

"बाय," ते लेकीला म्हणाले, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "बाय, मी तुला टाकून जात नाही गं. नाताळ घरी करतो. मम्मीचा दगड बसवतो. ईस्टर झाला की येतो. मार्विन शेजारी आहे, रात्री झोपायला येईल. तिकडे मला मम्मीची आठवण येते. इकडे ती पण येईनाशी झालीय."

एस्थर रडली. म्हाताऱ्याने तिला रडू दिलं, पण या वेळी बोलणं मागे घेतलं नाही. संध्याकाळी तिने चुलतभाऊ मार्विनला व्हिडिओ कॉल लावला. "काका, खोली झाडून ठेवतो," तो म्हणाला, "पण तुम्ही शिडीवर चढायचं नाही, हे आताच कबूल करा." तुस्कानोंनी कुरकुरत कबूल केलं.

ते वसईला गेले त्या शुक्रवारी बाईंना घर फार मोठं वाटलं. तुस्कानोंना सोडायला संजीव गाडी घेऊन गेला होता आणि विमानतळावरून परतताना एस्थरने त्याला सगळं सांगितलं होतं. तो आला आणि बूट न काढताच आईसमोर बसला.

"आई, तुलाही जायचंय का? मी कधी विचारलंच नाही. खरं सांग."

या प्रश्नाचं उत्तर बाईंकडे कित्येक वर्षं तयार होतं. गावचं घर, अंगणातली सोनचाफ्याची सावली, सगळं त्यात होतं. पण प्रश्न खरोखरच समोर आला, तेव्हा त्यांना गार्गीची इंग्रजीत चाललेली बडबड आठवली, अश्फाक आठवला, आणि समोर बसलेल्या पोराच्या कानामागचे पांढरे केस दिसले.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला. "घाई नको करूस रे. आत्ताच तर विचारलंस."