तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या चर्चचे पाळकसाहेब दुकानात शिरले तेव्हा माझ्या तोंडात सात टाचण्या होत्या, त्यामुळे हसता आलं नाही. नाहीतर हसलेच असते. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि चेहरा असा की शाळेतून पळून आलाय.

"कोट शिवायचाय," ते म्हणाले. "जरा बरा."

टाचण्या काढून मी विचारलं, "उपासनेला?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

ते खडूचा डबा उघडून आत बघायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांच्या बायकोला, पाळकबाईंना, जाऊन अकरा महिने झाले होते. नवरी शाळेत गणित शिकवणारी, पंचेचाळिशीची, आमच्याच मंडळीतली. गायनात ती माझ्या शेजारी उभी राहते. स्वभावाने गरीब गाय. मला वाईट वाटलं का म्हणाल, तर मुळीच नाही. एकट्या माणसाला घर खायला उठतं, करू दे की लग्न. मी गळ्यातला टेप काढला आणि छातीचं माप घ्यायला लागले.

"लोक नावं ठेवतील का गं?" त्यांनी विचारलं.

"ठेवणारच. लोकांना दुसरा उद्योग काय?"

"मी फार प्रार्थना केली. आणि मला एक उमजलं बघ. देव मनात इच्छा घालतो ती पुरवायलाच घालतो. माणूस उगीच तिला भितो."

माझा हात तिथेच थांबला. याच तोंडाने सव्वीस वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं की इच्छा ही वेदीवर ठेवायची वस्तू आहे, एकदा ठेवली की हात मागे घ्यायचा. मी घेतला होता. अगदी शहाण्या मुलीसारखा घेतला होता.

"श्वास सोडा," मी म्हटलं. "पोट आत ओढून माप दिलंत तर ऐन लग्नात बटण उडेल."

माझ्या तोंडाला पट्टा नाही हे अख्खी मंडळी जाणते. रविवारच्या वर्गातली पोरं मला टाचणीबाई म्हणतात ते काही फक्त शिवणकामामुळे नव्हे. पण ही एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढली नाही. आता काढते.

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा आमच्या चर्चची बाकं नवी करायला परगावचा एक सुतार आला. तोही ख्रिस्तीच, तिकडच्या मंडळीतला. मला पडदे आणि वेदीची वस्त्रं शिवायची होती, म्हणून माझं मशीन मी तिथेच नेऊन ठेवलं होतं. चार महिने आम्ही एका छताखाली काम केलं, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. दुपारी पायरीवर बसून डबे उघडायचो. बोलायचो फारसं नाही. तो म्हणायचा, "तुमच्या मशीनचा आवाज थांबला की माझा रंधा वाकडा जातो." एवढंच. पण एवढं पुरे होतं हो.

मला तो हवा होता. आडपडदा ठेवून काय करू? रंधा मारताना त्याच्या मनगटावर शीर उठायची, मानेला लाकडाचा भुसा चिकटलेला असायचा. तो भुसा फुंकरीने उडवावा असं मला दिवसातून दहादा वाटायचं आणि दहादा मी देवाची माफी मागायची. माफी नक्की कशाची मागतेय, हे मात्र मला तेव्हाही धड कळत नव्हतं.

माझे वडील गेलेले, भाऊ अजून लहान. माझ्यासाठी विचारायचं तर पाळकसाहेबांनाच. शेवटचं बाक बसवलं त्या शनिवारी सुतार हत्यारं पुसता पुसता म्हणाला, "आज बोलतो त्यांच्याशी." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो उपासनेला आला नाही.

मी पाळकसाहेबांना गाठलं. तो तुमच्याकडे आला होता का, हे विचारायची लाज वाटली. नुसतं मनातलं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वडिलांच्या मायेने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपण दोघं आजपासून सात दिवस प्रार्थना करू. या सात दिवसांत तो तुझ्या दारी आला, तर देवाचा होकार समज. नाही आला, तर ते न येणं हेच उत्तर."

सात दिवस मी गुडघे टेकले. घरी शिवताना दाराची कडी वाजली की सुई बोटात घुसायची. एकदा दूधवाला होता, एकदा शेजारीण, एकदा वारा. आठव्या दिवशी मी उठले, तोंड धुतलं आणि स्वतःला बजावलं, देव नाही म्हणाला. माणूस नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, हात धरून विचारलं असतं. देवाशी कुठे भांडणार? दोन वर्षं रडले. मग रडणंही आटलं.

तोवर पाळकबाईंचं दुखणं सुरू झालं होतं. त्यांच्या घरी सकाळ संध्याकाळ कोण जाणार? मी. मुलांचा वर्ग कोण घेणार? मी. शेवटची नऊ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. कूस बदलताना त्रास होऊ नये म्हणून पाठीत उघडणारे गाऊन मी त्यांना शिवले, अंगावर चढवले, धुतलेही. पाळकसाहेब भर मंडळीत म्हणायचे, ही आम्हाला देवाने पाठवली. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

आता लग्नाचं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत सूचना वाचतात: अमुक आणि तमुक यांचा विवाह ठरलेला आहे, कोणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगावं. मी जन्मापासून ऐकतेय, कुणी कधी उठलेलं नाही. पाळकसाहेबांची पहिली सूचना झाली, दुसरी झाली. पाहुणे येणार म्हणून चर्चच्या पंचांनी बाकं तपासली, तर चार बाकं डुगडुगत होती. ज्याने केली त्यालाच बोलवा, असं कुणीतरी म्हणालं.

गुरुवारी मी वेदीचं नवं वस्त्र अंथरायला गेले तर तिसऱ्या बाकाखाली एक पांढऱ्या केसांचा माणूस उताणा पडलेला. बाहेर आला, चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"ओळखलंत?" तो म्हणाला.

भुसा अजून मानेलाच चिकटला होता. मी म्हटलं, "न ओळखायला काय झालं?"

तो हसला. बायको बरी आहे, मुलीला दोन मुलं आहेत, गुडघे आता साथ देत नाहीत, असं सगळं सांगितलं. मग बाकाखाली बोट दाखवलं. "ही पट्टी शाबूत आहे का बघत होतो. वापरता ना?"

माझे पाय बाकावरून जमिनीला पोचत नाहीत. पुढच्या बाकाच्या पाठीला खाली एक आडवी पट्टी आहे, तिच्यावर मी पाय ठेवते. सव्वीस वर्षं ठेवतेय. मजबुतीसाठी सगळ्याच बाकांना असेल, असं मी धरून चालले होते. आपली जागा सोडून दुसरीकडे बसतंय कोण?

"बाकीच्यांना नाही?" मी विचारलं.

"नाही हो. तुमच्यापुरतीच ठोकली होती." त्याने हाताचा भुसा झटकला. "तुमचं व्रत नीट चाललंय ना?"

"कसलं व्रत?"

"तुम्ही स्वतःला देवाला वाहून घेतलंत ते. त्या शनिवारी पाळकसाहेबांनी सांगितलं मला. म्हणाले, तिला तोंडावर सांगायचा संकोच वाटतो, तिच्या मार्गात येऊ नकोस, आजच निघ. मग मी रात्र पडायच्या आत गाव सोडलं. देवाच्या आड कोण येणार?"

शनिवारी. आणि मी गुडघे टेकले रविवारी.

मी त्याला खरं सांगितलं नाही. त्याच्या नातवंडांच्या आजीने माझं काय वाईट केलं होतं? "हो," मी म्हटलं, "नीट चाललंय." आणि वस्त्र न अंथरताच घरी आले.

शुक्रवारी पाळकसाहेब ट्रायलला आले. कच्च्या शिलाईचा कोट घालून आरशासमोर उभे राहिले, दोन्ही हात जरा वर. मी बाही टाचत होते.

"सुतार भेटला," मी म्हटलं.

चोराच्या मनात चांदणं. कुठला सुतार, असं त्यांनी विचारलंच नाही.

"त्याला शनिवारी काय सांगितलं होतंत?"

"कुठल्या शनिवारी?"

"पाळकसाहेब, तुमच्या काखेत सहा टाचण्या आहेत. जरा जपून बोला."

ते आरशातल्या स्वतःकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हिचं दुखणं डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. बरं होणारं नाही म्हणाले. माझे हातपाय गळाले. तू गेली असतीस तर मंडळीचं कसं झालं असतं?"

"मंडळीचं, की तुमच्या घराचं?"

"मला वाटलं, देवानेच तुला इथे ठेवलंय."

"मग तसं सांगायचं होतं! पाया पडून सांगायचं होतं. मी राहिलेही असते, कुणी सांगावं. पण तो येणार नाही हे ठाऊक असताना मला सात दिवस गुडघ्यांवर का बसवलंत?"

"तुला शांती मिळावी म्हणून."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. नुसता माणूस पळवला असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, गरजेला माणूस काहीही करतो. यांनी माझी प्रार्थना वापरली. माझ्याच तोंडून मला नकार वदवला आणि खाली देवाची सही केली. आणि मी मेली त्या सहीला सव्वीस वर्षं नमस्कार करत बसले.

"अगं, आता उकरून काय मिळणार आहे?" ते म्हणाले. "परवा तिसरी सूचना आहे. हवं तर मी क्षमा मागतो."

"हवं तर!" मी म्हटलं आणि टाचण्या काढायला लागले. एकही टोचू दिली नाही. कामात मी कुणाचा राग काढत नाही. कोट शनिवारी दुपारी तयार होता, आणि खांदा असा बसला होता की मलाच कौतुक वाटलं.

भावजयीला मी सगळं सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली. "वन्सं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बावन्नाव्या वर्षी उभं राहून लग्नाच्या गोष्टी करणार? लोक हसतील हो."

"हसू देत. म्हातारी मेल्याचं दुःख नाही गं, काळ सोकावतो. अजून पोरी त्यांच्याकडे जातात, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून."

भावजयीने चिरलेली भाजी कढईत लोटली. मग म्हणाली, "तुमची निळी साडी इस्त्री करून ठेवते."

रविवारी पाळकसाहेब नवा कोट घालून पहिल्या बाकावर बसले होते, शेजारी नवरी. स्वतःच्या लग्नाची सूचना स्वतः कशी वाचणार, म्हणून वयस्कर पंच चष्मा लावून उभे राहिले. "कोणाची हरकत असेल तर," त्यांनी नेहमीच्या घाईत वाचलं आणि पान उलटलं.

मी उभी राहिले.

"माझी या लग्नाला हरकत नाही," मी म्हटलं. "दोघांनी सुखाने संसार करावा. पण सव्वीस वर्षांपूर्वी माझ्याही लग्नाला एक हरकत आली होती. ती तीन रविवार वाचली नाही. मला विचारून घेतली नाही. पाळकसाहेबांनी एका शनिवारी त्या माणसाला परस्पर परत पाठवलं, आणि रविवारपासून मला प्रार्थनेला बसवलं, तो येतो का बघ म्हणून. त्याच्या न येण्याला मी देवाचं उत्तर समजले. मुलींनो, तुम्ही समजू नका. एवढंच."

नवरीने माझ्याकडे नाही, पाळकसाहेबांकडे बघितलं. ते कोटाच्या बाहीकडे बघत होते, मी शिवलेल्या.

पंच गोंधळून गेले. "बाई, मग नोंदवहीत काय लिहू?"

"काही लिहू नका. माझ्या वेळी कुठे लिहिलं होतं?"

मी खाली बसले. पाय आपोआप पट्टीवर गेले आणि तिथे मला रडू फुटलं, इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर. पंचांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी प्रार्थनेला सुरुवात केली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

उघड्या डोळ्यांनी मी देवाला विचारलं. म्हटलं, नाही तू म्हणाला नव्हतास, हे आता कळलं. पण त्या सात दिवसांत तुला सगळं दिसत होतं ना? मी दारापाशी बसले होते, सुई बोटात घुसत होती, ते दिसत होतं ना? मग तू का नाही बोललास?

पंचांनी आमेन म्हटलं. मंडळीनेही म्हटलं. मी म्हटलं नाही. उत्तर अजून आलेलं नाही, आणि न येणं हेच उत्तर, असं मी आता समजणार नाही. मी विचारत राहणार आहे.