हिल्केची उडी

हॉलंडच्या उत्तरेला, आमच्या फ्रीसलँडमध्ये, मार्च संपत आला की शहाणीसुरती माणसं कामधंदा टाकून टिटवीची अंडी शोधत कुरणं तुडवतात. वाटेतले पाण्याचे चर ओलांडायला खांद्यावर लांब काठी असते. ती पाण्यात रोवायची, वर लटकायचं आणि पलीकडे जायचं. आमची पोरं चालायच्या आधी उड्या शिकतात, अशी फुशारकी आम्हीच जगभर मारत आलो. तीच एकदा आमच्या गळ्याशी आली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा अंमल होता, तेव्हा आमच्या माळ्यावर ड्रुकर नावाचे गृहस्थ लपले होते. ॲम्स्टरडॅमचे ज्यू, टोप्या शिवणारे कारागीर. जर्मनांना सापडले असते तर ते गेलेच असते, आणि त्यांच्यामागोमाग मी आणि माझा नवरा वीब्रेनही. बनावट ओळखपत्रावर ते माझे चुलतभाऊ हिल्के होते. वेळ आली तर कुरणातून पळता यावं म्हणून गोठ्यामागच्या अरुंद चरावर मी त्यांना उडी शिकवत होते. गडी दर वेळी पाण्यात.

"चित्स्केबाई, मला टोप्या जमतात," ते कुडकुडत म्हणायचे. "बेडूक होणं काही जमत नाही."

"जमेल. मुकाट्यानं काठी उचला."

जर्मनांपेक्षा मला धास्ती होती ती शेजारच्या गोइत्सेनची. त्याच्या आजोबांनी आमचं चर्च सोडून वेगळं चर्च काढलं, तेव्हापासून आमच्या दोन घरांतून विस्तव जात नव्हता. पावसुद्धा तो आपल्याच चर्चच्या पाववाल्याकडून घ्यायचा. माळ्यावरचं त्याला कळलं की संपलंच, असं मी वीब्रेनला सारखं बजावायचे.

एका सकाळी गावात झडती सुरू झाली. माळे, तळघरं, गवताच्या गंज्या उपसत शिपाई आमच्या बाजूला येत होते. वीब्रेन घरी नव्हता. मी ड्रुकरांच्या डोक्यावर त्याची टोपी चढवली, हातात काठी दिली आणि त्यांना थेट उघड्या कुरणात काढलं. लपलेल्या माणसाला उन्हात कोण शोधतंय? कुरणात अंडी शोधणारे पुष्कळ होते. त्यात गोइत्सेनही होता.

पण गेल्या वर्षी आलेला फौजदार आमच्याच बांधावर येऊन उभा राहिला. माणूस डच, पण जर्मनांच्या ताटाखालचं मांजर. सोबत दोन जर्मन शिपाई.

"हा कोण?"

"माझा चुलतभाऊ, हिल्के!" मी वाऱ्यावर ओरडले.

त्यानं ड्रुकरांचे हात उलटेपालटे करून पाहिले. शेतकऱ्याला न शोभणारे मऊ हात होते ते. मग तो हसला.

"फ्रीसलँडचा ना तू? मग मार उडी. पलीकडे गेलास तर तू हिल्के. नाहीतर गाडीत बसायचं."

समोरचा चर गोठ्यामागच्या चराच्या दुप्पट रुंद होता. ड्रुकरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि धावत सुटले. काठी मधोमध रोवली गेली, सरळ उभी राहिली आणि तिथेच थांबली. टोकाला बिलगलेले ड्रुकर हळूहळू, अगदी हळूहळू, पाण्यात घसरले.

शिपायांनी बंदुका खांद्यावरून उतरवल्या.

"आरं हिल्क्या!" पलीकडून आवाज गरजला. गोइत्सेन! "तुमच्या चर्चवाल्यांना देवानं पाय दिलेत ते काय मोजे वाळत घालायला?"

"याचा बापही ह्याच चरात पडला होता!" दूध घेऊन चाललेली आउक्ये ओरडली. "घराणंच बुडीत!"

"मासे धरतोयस होय रे? मग गळ तरी आणायचा!"

"दरसाली पडतो मेला, आणि दरसाली येतो!"

कुरणाच्या चारी कोपऱ्यांतून माणसं गोळा झाली. हसतायत, टाळ्या पिटतायत, ड्रुकरांच्या सात पिढ्या उद्धरतायत. पाण्यातून वर काढायला एकही पुढे आला नाही. परका पडला असता तर दहा हात धावले असते; हसायचं ते आपल्याच माणसाला. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

फौजदारालाही ते कळलं असावं. वर्षभर इथे राहूनही त्याला कुणी साधी शिवीही दिली नव्हती. त्याचा चेहरा पडला.

"असली ध्यानं तुमच्याकडेच निपजायची," म्हणत तो शिपायांना घेऊन निघून गेला.

ते रस्त्याच्या वळणाआड गेले तेव्हा कुठे गोइत्सेननं काठी मारली, एका झेपेत आमच्या काठावर उतरला आणि ड्रुकरांना गचांडी धरून बाहेर ओढलं.

"बाई, शिकवतेस की बुडवतेस गं ह्यांना?" तो माझ्यावरच खेकसला. "काठी मधोमध नाही, जरा पलीकडे रोवायची. तुला मेलीला शिकवता येत नाही. उद्या माझ्याकडे पाठव."

"गोइत्सेन," मी विचारलं. "किती जणांना माहीत आहे?"

त्यानं हसणाऱ्या कुरणाकडे मान वळवली.

"एक तो फौजदार सोडून?" तो म्हणाला. "सगळ्यांना."

मी तिथेच चिखलात बसकण मारली आणि रडता रडता इतकी हसले की आउक्येलाही हसू आवरेना आणि तिच्या बादलीतलं दूध हिंदकळायला लागलं.