जाड पाय

साल एकोणीसशे एकोणसत्तर. नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी माणूस चंद्रावर चालून आला आणि आमच्या गल्लीतली माणसं एका माशाच्या पाया पडायला लागली. माशाला पाय नसतात, ही अडचण कुणालाच आली नाही.

सकाळी दहाला दवाखाना उघडायचा, पण रांग आठपासून. जिन्यावरून खाली, शिंप्याच्या दुकानासमोरून थेट पाण्याच्या नळापर्यंत. संधिवातवाले, दमेकरी, लग्न न जमणाऱ्या मुली, परीक्षेत नापास होणारी मुलं. दात दुखणारा एकही नाही. आणि दवाखाना तर दातांचा!

मी तिथे नंबर पुकारायची. बावीस वर्षांची होते, आवाज खणखणीत होता. डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं, की पोहणारे मासे बघितले की दातांच्या रोग्याची भीती कमी होते. म्हणून बाहेरच्या खोलीत लोखंडी चौकटीची काचेची टाकी आली. तिच्यावर पत्र्याचं झाकण, झाकणाच्या आत ट्यूबलाइट. टाकीत एकच नारिंगी मासा. तो सारखा खायचा, म्हणून मी त्याला ढेरपोट्या म्हणायची.

चमत्कार झाला तो एका सोमवारी. मी नुकतीच फरशी पुसली होती. दाढ धरून बसलेल्या एका टांगेवाल्याने चप्पल बाहेर काढलेली, आणि वेळ जाईना म्हणून त्याने ढेरपोट्याला डिवचायला पाण्यात बोट घातलं. हात खेचून घेत असा काही ओरडला, की आतल्या खुर्चीतला रोगी तोंडातल्या कापसासकट बाहेर आला.

"काय झालं हो?"

"अंगात काहीतरी शिरलं! झिणझिण झिणझिण, पार खांद्यापर्यंत!" मग गालावर हात ठेवून म्हणतो, "आणि आयला, दाढ थांबली की!"

खांद्यापर्यंत झटका बसल्यावर दाढेची आठवण कुणाला राहणार? पण संध्याकाळपर्यंत टांगेवाल्याने ही बातमी गावभर फिरवली. त्याचा धंदाच फिरण्याचा.

तिसऱ्या दिवशी तरंगगुरू उगवले. हे गृहस्थ पूर्वी संधिवातावर तांब्याची कडी विकायचे, ते मला माहीत होतं. आमच्या आत्याच्या मनगटाला अजून हिरवा डाग होता. डोळे मिटून, अनवाणी, ओल्या फरशीवरून ते टाकीपाशी गेले आणि हात पाण्यात बुडवला.

"आई गं!" म्हणून जे उडाले, ते थेट बाकावर.

गुरू सावकाश खाली उतरले, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "ऐकलंत? शक्तीने स्वतः माझ्या मुखातून बीजमंत्र उच्चारला."

दुसऱ्या दिवसापासून रांगेतली माणसं पाण्यात बोट घालायच्या आधीच "आई गं, आई गं" म्हणायला लागली. आणि त्याच दिवसापासून गुरूंच्या पायात बोटभर जाड रबरी तळाचे जोडे आले. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. डोळे असतात, पण माणूस ते कुठे सारखे वापरतो!

मग नियम झाले. ढेरपोट्याचा मत्स्यराज झाला. "पादत्राणं बाहेर! पाय धुऊन या, पुसू नका! कोरड्या पायाला कोरडाच अनुभव येतो, बाळांनो!" दारात बादली आली, फरशी दिवसभर ओली. पोस्टमन रबरी बूट घालून तसाच आत आला, त्याने बोट बुडवलं, त्याला काहीच झालं नाही. गुरू खेदाने म्हणाले, "नास्तिक आहे." पोस्टमन बिचारा रोज सकाळी तास-दीड तास देवपूजा करणारा. तोंड पाडून गेला. गुरू स्वतः मात्र जोड्यांसकट उभे राहून कोपरापर्यंत हात घालायचे आणि शांत हसायचे. "शक्ती मला ओळखते."

दिवा फक्त चार ते सात लावायचा. ती मत्स्यराजाची जागृतीची वेळ; तिचे नंबर सकाळीच घ्यायचे. दिवा बंद असताना कुणी बोट घातलं, तर काहीच व्हायचं नाही. "निद्रिस्त आहे," गुरू सांगायचे. लोक माना डोलवायचे.

"डॉक्टर, तुम्ही शिकलेले," मी एकदा धीर करून म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "विज्ञानाला अजून सगळं कुठे कळलंय?" रांग बघून त्यांचा चेहरा फुलला होता. शिकलेल्या माणसाचं हे आवडतं वाक्य. ते म्हटलं की पुढे काही शोधायला नको.

हे सगळं गमतीतच चाललं असतं. पण एका शुक्रवारी माझी ताई आली. बरोबर चिमणी, माझी भाची. सहा वर्षांची. तापात तिचा उजवा हात लुळा पडला होता. ताईने तीन वर्षं तेल चोळलं होतं, इतकं की पोरीच्या फ्रॉकना कायम तेलाचा वास.

"गुरूंनी सांगितलंय," ताई म्हणाली, "रविवारी पूर्णधारा. पाण्याच्या घमेल्यात उभं करायचं आणि दोन्ही हात टाकीत, शंभर आकडे मोजेपर्यंत. हात उठेल म्हणतात गं!"

मलाही आनंदच झाला. खोटं कशाला सांगू?

शनिवारी संध्याकाळी इस्त्रीवाल्या मावशी डॉक्टरांचे पांढरे कोट घेऊन आल्या. बाई काळ्या, उंच, बोलायला तिखट. रांगेतल्या लोकांनी आग्रह केला, म्हणून त्यांनीही चप्पल काढली, एक बोट पाण्याला लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग मोठ्याने हसल्या.

"हा होय तुमचा मत्स्यराज! अहो, हा आशीर्वाद मला रोज इस्त्री देते! तिलाही हार घाला की!"

लोक चिडले. मावशींनी मला दंड धरून जिन्यात नेलं. तिथे त्या हसत नव्हत्या.

"पोरी, हा करंट आहे. मी दिवसभर सुक्या फळीवर उभी राहून इस्त्री करते, ती काय हौस म्हणून? माझ्या धाकट्या दिराला इस्त्रीची आठ दिवस नुसती झिणझिण लागायची. आम्ही चेष्टा करायचो त्याची. नवव्या दिवशी पावसात भिजून आला, तसाच ओल्या पायांनी उभा राहिला. इस्त्री हातातून सुटलीच नाही." मग त्यांनी विचारलं, "त्या दिव्याच्या प्लगला पाय किती आहेत?"

उत्तर मला न बघताच माहीत होतं.

दोन. टाकी आली त्या दिवशी प्लगला तीन होते. भिंतीतल्या सॉकेटला भोकं मात्र दोनच. डॉक्टर आतून ओरडत होते, "अहो, दिवा लागला का?" विजेच्या सामानाच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "वरचा जाड पाय शोभेचा असतो, ताई. कापून टाका." मी दातांच्या साच्यांची बारीक करवत घेतली आणि पंधरा मिनिटं घासून तो पितळी पाय कापला. दवाखान्यात मी उपटलेला तो एकुलता एक दात. तो तुकडा साच्यांच्या डब्यात टाकला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

"सांग उद्या सगळ्यांना," मावशी म्हणाल्या. "मी येतेच."

सांगायचं कसं? नोकरी जाईल. ताई म्हणेल, पोरीचा हात बरा होत होता, तर ही आडवी आली. मी ठरवलं, की रविवारी काहीतरी होईल आणि आपोआप टळेल. भित्र्या माणसाचा चमत्कारावर फार विश्वास असतो.

आपोआप काही टळलं नाही. त्या दिवशी सकाळी अकरालाच दिवा लावला गेला. मत्स्यराज खास लवकर उठणार होता. खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. टाकीसमोर पाण्याने भरलेलं जस्ताचं घमेलं. मावशी बगलेत आपली फळी घेऊन दारात उभ्या. ताई चिमणीचे बूट काढत होती.

चिमणीने सभोवार बघितलं. "आई, गुरुजींचे बूट नाही काढायचे?"

कुणीतरी खुदकन हसलं. गुरू गोड आवाजात म्हणाले, "बाळ, गुरूला नियम नसतात."

"नसू देत," मावशी दारातून म्हणाल्या, "पण आज एकदा काढाच, महाराज. एवढी आपल्या ओळखीची शक्ती! अनवाणी भेटलात तर तिलाही बरं वाटेल."

"माझ्या टाचेला भेग आहे."

"भेग तर माझ्याही टाचेला आहे. शक्ती भेगा भरत नाही वाटतं?"

आता टांगेवालाही हसला. "काढा की, गुरुजी! आम्ही सगळ्यांनी काढलेत!"

"मुहूर्त टळतोय!" गुरू कडाडले. "लेकराला घमेल्यात उभं करा!"

ताईने चिमणीला उचललं. पोरीचे ते बारीक पाय पाण्यावर आले. मी स्टुलावरून उठले कधी, ते मला कळलं नाही. भिंतीपाशी पोचले, बटण बंद केलं, प्लग उपटला आणि डोक्यावर धरला.

"ताई, थांब! हे मी केलंय!"

साच्यांच्या डब्यातून तो पितळी तुकडा आणून मी सगळं सांगितलं. करवतीसकट. ताईने चिमणीला छातीशी धरलं होतं आणि माझ्याकडे अशी बघत होती, की ते मी अजून विसरले नाही.

"आता घाला बोटं," मावशी म्हणाल्या. घातली. ओले पाय, ओली फरशी, बीजमंत्रही म्हटला. काही नाही.

"शक्ती रुसली," गुरू म्हणाले.

"बटण दाबलं की हसेल," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता, पण माणूस मुळात प्रामाणिक. टेबलाच्या खणातून टेस्टर काढला, मावशींच्या कोरड्या फळीवर उभे राहिले आणि सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे हटवलं. मी प्लग परत लावून बटण दाबलं. त्यांनी टेस्टरचं टोक पत्र्याच्या झाकणाला लावलं. आतला छोटा दिवा लालभडक पेटला. मग लोखंडी चौकटीला लावलं. पेटला. पाण्याला लावलं. तिथेही पेटला.

मावशींनी समजावलं, ते माझ्या तोंडपाठ आहे. "वाफेने दिव्याची वायर भिजली, तिचं कातडं सडलं, करंट पत्र्यात उतरला. पत्र्यातून चौकटीत, चौकटीतून पाण्यात. करंटला जमिनीत जायचं असतं. तो जाड पाय ही त्याची सरकारी वाट. ती कापली, तर तो कुणाच्या तरी अंगातून जातो. ओल्या पायांचा माणूस उघडं दार, रबराच्या तळाचा बंद. म्हणून पोस्टमन नास्तिक आणि तुमचे गुरू सिद्ध!"

"मग मासा कसा नाही मेला?" चिमणीने विचारलं.

"तो पाण्यातच आहे गं. त्याचा पाय जमिनीला कुठे लागतोय?"

सगळे वळले तेव्हा गुरूंची जागा रिकामी होती. जिन्यात रबरी तळांचा आवाजही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने तीन भोकांचं सॉकेट बसवलं, अर्थिंगची तार थेट जमिनीत नेली, प्लगही नवा लावला. बटण दाबताच फट्‌ करून फ्यूज उडाला. "बघा," तो म्हणाला, "हे इतके दिवस माणसांत चाललं होतं." मग त्याने दिव्याची वायर बदलली.

डॉक्टरांनी मला काढलं नाही. विज्ञानाचं ते वाक्य मात्र त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. निवृत्त झाले, शांतपणे गेले. टांगेवाल्याची दाढ महिन्याभरात काढावी लागली. गुरू चार-पाच वर्षांनी दुसऱ्या गावी चुंबकाचे पट्टे विकताना दिसले. जोडे तेच. इस्त्रीवाल्या मावशी ऐंशीच्या होऊन गेल्या, शेवटपर्यंत फळीवर उभ्या राहून. ढेरपोट्या त्यानंतर चार वर्षं अत्यंत साधं आयुष्य जगला. ताई सहा महिने माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस लोणच्याची बरणी घेऊन आली आणि त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही.

चिमणीचा हात तसाच राहिला. ती डाव्या हाताने फळ्यावर नकाशे काढायला शिकली, तीस वर्षं तिने भूगोल शिकवला, आता आजी झाली आहे. तिच्या नातवाने परवा घरात माशांची टाकी आणली. मी मुद्दाम गेले. वायर टाकीकडून सरळ सॉकेटात जात होती. ती खाली झोळ देऊन बांधायला लावली, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून जमिनीवर टपकेल, प्लगपर्यंत चढणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. करंट गळताच वीज तोडणारं बटण मीटरच्या पेटीत आहे का, तेही बघितलं.

"पणजीमावशी, तू इतकी का घाबरतेस?" त्याने विचारलं.

मी पिशवीतून पितळी तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. तुमच्याही घरात असा एखादा कापलेला पाय असेल, तर आज जाऊन बघा. आणि कुठे चमत्कार घडलाय असं ऐकलंत, तर नमस्कार करायच्या आधी एवढंच विचारा: बटण कुठे आहे, आणि गुरूच्या पायात काय आहे?

पोराने तो तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"एवढासा?" तो म्हणाला.

"एवढासाच," मी म्हटलं.